भिंतीवरची कार्डं आणि शंकासुराची वही

आईला नोकरीत कायम करायचं की नाही हे शुक्रवारी ठरणार होतं, आणि ते ठरणार होतं एका रेषेवरून. ती रेषा काढायचं काम आईचंच. म्हणजे पेपर तिचा आणि गुणही तिनेच द्यायचे, अशी माझी समजूत. सोमवारीच मी तिला मनातल्या मनात पहिल्या नंबराने पास करून टाकलं होतं.

मी झाल्यावर आईने नोकरी सोडली ती तब्बल चौदा वर्षं. मागच्या वर्षी पुन्हा शोधायला लागली तेव्हा सात ठिकाणी मुलाखती दिल्या. सातही ठिकाणी एकच प्रश्न, "मधली वर्षं काय केलंत?" ती म्हणायची, "मुलगी वाढवली." मी तिथे पुरावा म्हणून हजर नसल्यामुळे ते लोक नुसतीच मान डोलवायचे आणि "कळवतो" म्हणायचे. आठव्या ठिकाणी एका छोट्या कंपनीने घेतलं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. काम बघू, पटलं तर कायम केल्याचं पत्र देऊ. ते सहा महिने या शुक्रवारी संपत होते.

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरचा तिसरा मजला, नऊ माणसं, 'कडक' दाबलं तरी पाणचटच चहा देणारं एक मशीन, आणि एक भिंत. शाळा सुटली की मी तिथे जाते, कारण घराची किल्ली मी दोनदा हरवली आहे आणि तिसरी मला कोणी देत नाही.

ते लोक एका मोठ्या हॉस्पिटलसाठी ॲप बनवत होते. डॉक्टरांना भेटायला आलेल्या माणसाने खिडकीवर टोकन घेऊन तीन-तीन तास बाकावर बसायचं नाही. घरूनच नंबर लावायचा, आणि नंबर जवळ आला की फोन वाजणार. ऐकायला एवढंसं. पण त्या एवढ्याशाचे त्यांनी साठ तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड. भिंतीवर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. रोज सकाळी सगळे भिंतीसमोर उभे राहून दहा मिनिटं बोलतात (बसले की अर्धा तास जातो, म्हणून उभे) आणि ज्याचं काम संपलं तो आपलं कार्ड नेऊन 'झालं'मध्ये चिकटवतो.

आई रोज 'झालं'मधली कार्डं मोजायची, साठातून वजा करायची आणि उरलेल्या आकड्याचं एक टिंब आलेखावर द्यायची. टिंबं जोडली की खाली उतरणारी रेषा. ऑफिसात तिला बर्नडाऊन म्हणतात, मी घसरगुंडी म्हणते. तेरा आठवड्यांत बावन्न कार्डं झाली होती. आठवड्याला चार. उरली आठ, म्हणजे अजून दोन आठवडे, ठरलेल्या तारखेला बरोब्बर! शुक्रवारी हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर येणार, घसरगुंडी बघणार, सिस्टर खूश, साहेब खूश, आईचं पत्र हातात. सोमवारी मी त्या रेषेला नेहमीसारखा निळा रंग दिला आणि शेवटच्या टोकाला एक छोटा झेंडा काढला. आईने झेंडा पुसायला लावला.

"ऑफिस आहे गं हे. तुझं गॅदरिंग नाही."

"मग तू हस तरी. तुझीच रेषा आहे."

ती हसली, पण तोंडाला कोणीतरी दोरी बांधून ओढल्यासारखी. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी झेंड्याच्या शोकात होते.

मंगळवारी माझं शंकासुराशी बोलणं झालं.

शंकासुर म्हणजे तिथले टेस्टर काका. दुसऱ्यांनी बनवलेलं चालतं की नाही हे बघायचं त्यांचं काम. पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टेबलावर सात जुने फोन ओळीत मांडलेले. एका फोनची काच तडकलेली आहे आणि ती त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली आहे, "लोकांचे फोन असेच असतात" म्हणून. हे नाव त्यांना हेडफोनताईने दिलं. ती तिथली सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर. कानावरचे हेडफोन ती चहालासुद्धा काढत नाही, पण स्वतःबद्दल कोणी काही बोललं की तिला बरोबर ऐकू येतं.

एक सांगून ठेवते. मी आधी अशी कुणाशीही जाऊन बोलणारी नव्हते. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणायला मी शेजारणीला कोपर मारायचे. मग वक्तृत्वाच्या दिवशी आमच्या वर्गाची मुलगी आजारी पडली, बाईंनी मला पुढे ढकललं, आणि मी साडेचार मिनिटं बोलले. शेवटी घंटा वाजवून थांबवावं लागलं. तेव्हापासून मला समजलंय की प्रश्न विचारला म्हणून कोणी मरत नाही. तेव्हापासून घरी बाबा मला 'वकीलसाहेब' म्हणतात.

तर मी सरळ जाऊन विचारलं, "काका, आई सांगते सकाळी सगळे कार्डं हलवतात, तुम्ही एकदाही नाही. तुमचं कार्डच नाही का?"

"माझी वही आहे," काका म्हणाले.

"काय असतं वहीत?"

"परत आलेलं."

त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. अक्षर असं, की मुंग्यांनी शाईतून मिरवणूक काढावी. त्यातली एक ओळ मला लागली: 'कार्ड ४७. फोन वाजला. नंबर आधीच जाऊन गेला होता.'

"पण सत्तेचाळीस तर 'झालं'मध्ये आहे," मी म्हटलं. मला सगळी कार्डं पाठ आहेत. "काल मीच मोजलं."

"हो ना. त्यांनी बनवलं, 'झालं'मध्ये लावलं, मग माझ्याकडे आलं. मी बघितलं, चालत नाही. तीन वेळा परत दिलंय."

"मग कार्ड परत मागे का नाही आणलं?"

"नियम आहे. 'झालं'मधलं कार्ड मागे घ्यायचं नाही." काकांनी चष्मा वर सरकवला, तो पुन्हा घसरला. "तुझ्या आईच्या आधी जे होते ना, त्यांनी केला. कार्ड मागे आलं की पोरं हिरमुसतात, रेषा वर जाते, साहेबांचं डोकं उठतं. म्हणून परत आलेलं माझ्या वहीत. नंतर बघू म्हणून."

"नंतर म्हणजे कधी?"

"तेच मी दर शुक्रवारी विचारतो. लेखी."

वहीत तेव्हा एक्केचाळीस नोंदी उघड्या होत्या.

मी आईच्या टेबलाशी धावत गेले नाही. शपथ. मोठ्या समजुतीने घरी पोचेपर्यंत गप्प राहिले, बसमध्ये ओठ दाबून बसले. पण ताटं वाढेपर्यंत काही दम निघाला नाही.

"आई, तुमच्या शंकासुरांच्या वहीत..."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

बाबांचा हात घासासकट थांबला.

"तुला माहीत होतं?"

"हळू बोल. त्यांची दर शुक्रवारची मेल मलाच येते. कुणाला येणार दुसऱ्या?"

"मग तू खोटी रेषा काढतेयस!"

"खोटी कशी? 'झालं' रकान्यात बावन्न कार्डं आहेत की नाहीत? मोजून घे. मला सांगितलं भिंतीवरून आकडा घ्या, मी भिंतीवरून घेते."

"पण फोन वाजतच नाही वेळेवर! कोणी आजारी माणूस घरी वाट बघत बसला, आणि त्याचा नंबर निघून गेला, तर?"

"ए वकीलसाहेब, जरा पाणी पी," बाबा म्हणाले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे घरात भांडण कितव्या मजल्यावर आहे हे त्यांना आधी कळतं. त्यांनी आईकडे बघून अगदी सहज सांगितलं, "आमच्याकडे एका इमारतीत असंच होतं. लिफ्टच्या दारावरचा आकडा होता ना, तो जोडला होता बटणाला. कोणी शून्य दाबलं की दारावर शून्य. लिफ्ट बिचारी अडकलीय चौथ्यावर, आणि खाली लोक दार उघडायला उभे. मी तो आकडा खऱ्या लिफ्टला नेऊन जोडला. दोन दिवस लोकांनी मला शिव्या घातल्या, की आधी लिफ्ट लवकर यायची."

मी खदखदून हसले. आई नाही हसली.

"तुम्हाला दोघांना बोलायला काय जातंय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली गेला की मलाच भीती वाटली. "सात जणांनी नाही म्हटल्यावर एक खुर्ची मिळालीय मला. सकाळी गेले की तिच्या पाठीला स्वेटर अडकवते. तो शुक्रवारी काढून घरी आणायला लागू नये, एवढंच बघतेय मी. पत्र हातात आलं की त्याच दिवशी तो नियम काढणार होते. आधी पत्र. मग नियम."

ती उठून आत गेली. मी आणि बाबा तिच्या ताटाकडे बघत बसलो. मला मघाशी जे एवढं सरळ दिसत होतं, ते आता तसं दिसेना. मी तिला खोटी म्हटलं होतं. आणि मी ते अशा चढ्या आवाजात म्हटलं होतं, जसं काही समोर परीक्षक बसलेत.

सकाळी मी माफी मागायची वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात वेणीचं रबर दातात धरूनच आई म्हणाली, "आज शाळा सुटली की रेंगाळू नकोस. थेट ये. काकांचं अक्षर मला लागत नाही, वाचून दाखवायला कोणीतरी हवंय."

मी तिला मिठी मारली. "अगं रबर," ती म्हणाली.

आईचा विचार असा होता की निदान एकदा खरा आकडा काढून बघायचा. दाखवायचा की नाही ते पुढचं पुढे. आकडा घ्यायला तीन जागा होत्या. एक भिंत. दुसरी तासांची शीट, ज्यात प्रत्येकाने आपण कुठल्या कामाला किती तास दिले आणि किती काम उरलं ते लिहायचं असतं. ती शीट आईने मला उघडून दाखवली. सगळे ती शुक्रवारी संध्याकाळी घरी पळायच्या घाईत भरतात. सगळ्यांचे रोज आठ तास. एका दादाने सुट्टीच्या दिवशीसुद्धा आठ तास भरले होते.

"हिच्यावर रेषा काढण्यापेक्षा मी झोपेत काढलेली बरी," आई म्हणाली.

तिसरी जागा म्हणजे वही. मला वाटलं झालं, वही खरी, वहीवरून काढा, सुटलो! बुधवारी आम्ही तसंच केलं. भिंतीवरची आठ आणि वहीतल्या एक्केचाळीस, मिळून एकोणपन्नास कामं उरलेली. ते टिंब दिलं आणि घसरगुंडीच्या टोकाला एकदम डोंगर उभा राहिला. आई त्याच्याकडे बघून पांढरीफटक.

"हे जर खरं असेल, तर हे ॲप माझ्या हयातीत होत नाही."

"वाचून तरी बघू काय काय आहे," मी म्हटलं, आणि काकांना बोलावलं.

ती संध्याकाळ आणि गुरुवारची दुपार मी वही वाचत होते आणि आई एकेका नोंदीवर काकांशी घासाघीस करत होती. काय एकेक नोंदी! 'बटण हिरवे आहे. का?' 'नाव फार लांब असल्यास अर्धेच दिसते. माणसाला वाईट वाटेल.' आणि कार्ड सत्तेचाळीसची तीच तक्रार तीन ठिकाणी, निरनिराळ्या तारखांना.

"काका, हे एकच आहे ना?" आईने विचारलं.

"छे. तीन फोन, तीन दोष."

"कारण एक असेल तर काम एकच. तीन कसं धरू मी?"

"आज एक म्हणाल, उद्या म्हणाल शून्य." काका फुरंगटले. "मला सवय आहे."

आईने हेडफोनताईला हाक मारली. ताईने एक कान मोकळा केला, वहीत डोकावली, आपल्या स्क्रीनवर काहीतरी शोधलं आणि तिचा चेहरा पडला.

"एकच ओळ आहे. फोन झोपलेला असला की हाक उशिरा पोचते. माझीच आहे." मग काकांकडे न बघता, "तीन वेळा सांगितलंत का हो हे?"

"लेखी," काका म्हणाले.

"मला वाटायचं तुम्ही नुसत्या शंका काढता."

"काढतोच. पगार त्याचाच आहे."

ताई हसली, आणि दुसरा कानही मोकळा करून आमच्यातच खुर्ची ओढून बसली. त्यानंतर काम भराभर झालं. नऊ नोंदी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा लिहिलेल्या निघाल्या. चौदा अगदी बारीक, रंग आणि बटणांच्या, ॲप सुरू झाल्यावरही करता येतील अशा. हिरव्या बटणासाठी काका बराच वेळ लढले, शेवटी हरले. उरल्या अठरा खऱ्या. त्या अठरा तेरा कार्डांच्या होत्या. म्हणजे बावन्नातली तेरा कार्डं झालेलीच नव्हती. झालेली एकोणचाळीस, उरलेली एकवीस. आठवड्याला चार नाही, तीन. एकवीस भागिले तीन.

"सात आठवडे," मी म्हटलं. "पाच आठवडे उशीर."

आईने भागाकार पुन्हा करून बघितला. मला वाटलं रडते की काय. पण ती म्हणाली, "डोंगर नाही आहे. भिंतीएवढं गोडही नाही. हे करता येण्यासारखं आहे." आणि तिने दुसरा आलेख काढायला घेतला. रंग तिनेच दिला, मला हातही लावू दिला नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. दहा मिनिटांत बाहेर आली. साहेब ओरडले नव्हते, ते ओरडणाऱ्यातले नाहीतच. ते म्हणाले होते, मॅडम, तुमचं बरोबर असेल. सिस्टर गेल्या की सोमवारी आपण वही घेऊन बसू. पण उद्या भिंतीवरचाच दाखवा. तुमचं पत्र तयार आहे, फक्त सही राहिलीय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. भिंतीवरचा दाखवायचा."

या वेळी मी काही बोलले नाही. मला आवडलं नाही, पण बोलले नाही. शुक्रवारी सकाळी निघताना मात्र तिने दोन्ही कागद फाइलमध्ये घातलेले मी पाहिलं.

शुक्रवारी आमची शाळा अर्धी होती. मीटिंगच्या खोलीचं दार वर्षभर नीट लागत नाही, आणि आईचं टेबल त्या दाराला लागून. मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसले. पान कुठलं होतं देवाला माहीत.

मोठ्या सिस्टर म्हणजे मी उंच, जरबेची कोणीतरी कल्पना केली होती. प्रत्यक्षात बुटक्या, गोल, आणि आल्या आल्या बुटांच्या नाड्या सैल करून बसल्या. रात्रपाळी करून थेट आल्या होत्या. साहेबांनी प्रस्तावना केली, आणि आईने पडद्यावर आलेख लावला. निळी घसरगुंडी. माझीच.

"भिंतीवरच्या कार्डांप्रमाणे बावन्न झाली, आठ उरली," आई म्हणाली. पाठ केल्यासारखी.

"म्हणजे दोन आठवडे?" सिस्टर एकदम ताठ बसल्या. "अहो, काय बरं वाटलं ऐकून! मग मी एकवीस तारखेपासून टोकनची खिडकीच बंद करते. तिथल्या दोघीजणी मुलांच्या वॉर्डात पाठवते, तिकडे माणसंच नाहीत हो. आजच ऑर्डर काढते." आणि त्यांनी खरंच डायरी काढली.

साहेब पेनाचं टोपण उघडत-मिटत होते. दाराच्या फटीतून मला आईची फक्त पाठ दिसत होती.

"खिडकी बंद करू नका," आई म्हणाली.

"काय?"

"सिस्टर, एकवीस तारखेला हे चालणार नाही. नंबर आला तरी फोन उशिरा वाजतोय अजून. खिडकी बंद असेल आणि फोनही वाजला नाही, तर माणूस जाणार कुठे?" ती भराभर बोलत होती, मध्ये कोणी अडवेल म्हणून. "ही रेषा आम्ही काम पुढे दिलं की खाली आणतो. ते चाललं की नाही हे ती सांगत नाही. चालवून बघितल्यावर जे उरतं, त्याची रेषा ही आहे." फाइलीतून कागद निघाल्याचा आवाज आला. "सात आठवडे."

मला वाटलं होतं, सिस्टर म्हणतील शाबास, तुमच्यासारखी माणसं हवीत. काहीतरी टाळ्यांसारखं. सिस्टर भडकल्या.

"सात? आणि तीन महिने तुम्ही मला दर आठवड्याला हे निळं पाठवताय, ते काय होतं मग?"

"भिंत होती," आई म्हणाली. "मीच पाठवत होते. माझं चुकलं."

"मॅडम नवीन आहेत..." साहेबांनी सुरुवात केली.

"सहा महिने झाले मला," आई म्हणाली.

सिस्टरांनी डायरी फाडकन मिटली. मग सत्तेचाळीस नंबर काय आहे विचारलं. मग चालवून बघणारा माणूस कोण, त्याला बोलवा म्हणाल्या. काका तडकलेला फोन आणि वही घेऊन आत गेले आणि पाऊण तास बाहेर आले नाहीत. आवाज आधी चढे, मग साधे. एकदा तर सिस्टर म्हणाल्या, "अहो बरोबर आहे तुमचं, अर्धं नाव दिसलं तर आजी येतच नाहीत उठून, दुसऱ्याच कुणाला बोलावलं म्हणून," आणि काकांचा आवाज मी पहिल्यांदाच असा खुललेला ऐकला.

निघताना सिस्टर दारात थांबल्या. "खिडकी राहू दे चालू. पण मुलांच्या वॉर्डात मी आता काय करू, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत," त्या आईला म्हणाल्या. रागाने नाही, थकून. "दर सोमवारी रेषा पाठवा. वहीवरची. निळं नको मला."

मग आई आणि साहेब दोघंच आत. मी भूगोल सोडून उभीच राहिले होते. माझ्या डोक्यात साडेचार मिनिटांचं भाषण तयार होतं, पहिलं वाक्य तर जिभेवर. हेडफोनताईने माझा दप्तराचा पट्टा पकडून ठेवला. "बस खाली. तिला येतंय."

साहेब म्हणाले, "तुम्ही मला तोंडघशी पाडलंत."

"हो," आई म्हणाली. "काल तुम्हाला सांगून पाडलंय."

टोपण उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "आज मी सही नाही करू शकत मॅडम. उशिराचं मला वरती उत्तर द्यायचंय. तीन महिने वाढवतो. मग बघू."

मला वाटलं, आता ती "चालेल सर" म्हणणार. सहा महिने ती हेच म्हणत आलीय, घरी फोनवर बोलतानासुद्धा.

"लेखी द्या," आई म्हणाली. "तीन महिने, आणि रेषेचा आकडा कुठून घ्यायचा ते मी ठरवणार. 'झालं'मध्ये कार्ड लावायचं ते काकांनी. दोन्ही लिहा."

साहेबांनी लिहिलं. हातानेच, कंपनीच्या कागदावर, चार ओळी. का लिहिलं मला माहीत नाही. कदाचित त्यांनाही सोमवारी वही बघायचीच होती.

बसमध्ये आम्हाला मागची सीट मिळाली. आईने तो कागद मला वाचायला दिला.

"पत्र मिळालं असतं गं," मी म्हटलं. "दोन मिनिटं गप्प बसली असतीस, तर मिळालं असतं."

"तू सांगतेयस हे?"

"मी नुसतं म्हणतेय."

"मिळालं असतं," ती म्हणाली. "घ्यायला हात पुढे केलाच होता मी. पण ती बाई डायरीत तारीख लिहायला लागली." मग जरा थांबून, "मी 'लेखी द्या' म्हटलं तेव्हा आवाज कसा आला गं? चिरकला का?"

"अजिबात नाही. मला तर वाटलं दुसरंच कोणी बोलतंय."

"मलाही," आई म्हणाली.

मग ती तीन महिन्यांचा हिशोब बोटांवर करायला लागली. सात आठवडे ॲपचे, राहिले पाच-सहा, तेवढ्यात ती चौदा बारीक कामं, हिरवं बटण काकांना द्यायचं बक्षीस म्हणून... आणि बोलता बोलता झोपली. माझ्या खांद्यावर डोकं, तोंड किंचित उघडं, पर्स पोटाशी घट्ट धरलेली. गेले दोन आठवडे ती धड झोपली नव्हती हे मला आता आता उमगत होतं. आमचा स्टॉप आला. मी घंटा वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. बस पुढे गेली. पुढच्या स्टॉपवर उठवलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघून माझ्यावर ओरडली, आणि मग आम्ही दोघी तेवढं अंतर रमतगमत मागे चालत आलो.